चांगुणाबाईच्या पुनवा

चांगुणाबाईच्या घराच्या तीन भिंती कायम सारवलेल्या असायच्या आणि चौथी कळकट. मागच्या दाराला लागून असलेल्या त्या कुडाच्या भिंतीवर काजळीचे ठिपके, ओळीच्या ओळी. आम्ही तिच्या शेजारी बिऱ्हाड केलं तेव्हा मी जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांची होते आणि जीभ मात्र आताइतकीच लांब. पहिल्याच आठवड्यात विस्तव मागायला गेले आणि बोलून बसले, "ही एक भिंत राहिली वाटतं सारवायची?"

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ती नाय सारवायची, बाय. ती माजी वही हाय," म्हणाली, आणि त्याच दमात, आवाज तसूभरही खाली न आणता, "तुमी बाहेरच्या कवा बसल्या व्हत्या?"

पलीकडच्या अंगणात आमचे हे दाढी करत होते. त्यांनी गाल कापून घेतला. मी विस्तव न घेताच पळत घरी आले, आणि त्या दिवशी आमच्याकडे भाताला उशीर झाला.

गाव कर्जत तालुक्यातल्या खालापूर पेट्यातलं, पाताळगंगेच्या काठचं. चाळीसेक उंबरे, बहुतेक भातशेती करणारे, आणि वर डोंगराच्या पोटाशी ठाकरांची वाडी. ह्यांची शाळा देवळाच्या ओवरीत भरायची. चांगुणाबाई ह्या गावची, वरच्या वाडीची आणि नदीपलीकडच्या दोन गावांची सुईण. उंच, हाडापेरानं थोराड, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, आणि चालणं असं की बरोबरच्या माणसानं धावत सुटावं. एवढ्या मोठ्या बाईचे हात तेवढे लहान होते. त्या हातांचा तिला फार अभिमान. कामाला निघाली की आधी ऊन पाणी आणि राख मागायची आणि कोपरापर्यंत घासत बसायची. आत बाई ओरडत असली तरी हिचं घासणं चालूच. "बोंबलू दे, बोंबलनारी मरत नाय," असं दारातल्या म्हाताऱ्यांना सांगायची. बाळंतिणीच्या नवऱ्याला ती रिकामा बसू देत नसे. लाकडं फोडायला लावायची, गरज नसली तरी. आमच्या गावात ज्याच्या दारात चुलीपुरतं सोडून दोन महिन्यांचं सरपण रचलेलं दिसेल, त्याच्या घरी नुकतंच पोर झालं आहे हे ओळखावं.

आणि पोर बाहेर आलं की ती त्याच्याशी अहो-जाहो करून बोलायची. "या, पावनं. लई वाट बगाया लावलीत. आता रडा." पहिलं दूध प्यायल्यावर मग अरे-तुरे. माझ्या थोरल्याला तिनं असंच "पावनं" म्हटलं होतं आणि तशा अवस्थेतही मला हसू फुटलं होतं.

आता भिंतीचं सांगते. गावात कुणी पोटुशी राहिली की चांगुणाबाई त्या भिंतीवर तिची ओळ सुरू करायची. अक्षरओळख नव्हती, म्हणून ओळीच्या सुरुवातीला त्या बाईची एक खूण. कुणाचा मासा, कुणाचा कंगवा, पाटलाच्या सुनेची नथ, माझं पुस्तक. (मला वाचता येतं ह्याचं तिला माझ्यापेक्षा जास्त कौतुक.) मग दर पौर्णिमेला, दिवेलागणीला चंद्र डोंगराच्या वर आला की ती पणतीवरची काजळी बोटावर घ्यायची आणि प्रत्येक ओळीत एकेक ठिपका टेकवायची. नऊ ठिपके भरले की बोचकं बांधून तयार. बाळंतपण नीट पार पडलं की तेवढीच ओळ शेणानं सारवून टाकायची. भिंतीवर कायम कुणाची ना कुणाची ओळ असायचीच, म्हणून ती भिंत जन्मात कधी पुरती सारवली गेली नाही. "हिला सातवा लागला" असं ती कधी म्हणत नसे. "हिच्या सात पुनवा झाल्या" म्हणायची. महिन्यांच्या नावांवर तिचा विश्वासच नव्हता.

पावसाळ्यात चार-चार महिने चंद्र दिसायचा नाही. तेव्हा तिची पंचाईत. मग आमच्या ओटीवर येऊन ह्यांना विचारायची, "मास्तर, आज पुनव का?" हे पंचांग उघडून हो म्हणायचे. तरी ती घरी जाऊन मडक्यातले वाल मोजायची. रोजचा एक वाल ती मडक्यात टाकत असे. एकोणतीस किंवा तीस भरले की परत येऊन ह्यांना सांगायची, "बराबर हाय तुमचा कागुद." पंचांगाला असं दर महिन्याला प्रशस्तिपत्रक मिळायचं आणि हे ते मुकाट्यानं घ्यायचे.

पाटलाच्या सुनेच्या वेळची गोष्ट तर गावात वर्षभर चघळली गेली. पाटलाच्या आईला नातू एकादशीला हवा होता. दशमीला दुपारी कळा सुरू झाल्या, तेव्हा म्हातारी चांगुणाबाईला म्हणते, "उद्या सकाळपतूर थांबव की गं." चांगुणाबाई हात घासत होती. ती म्हणाली, "थांबवते. तुमी आत जाऊन पोराला पंचांग वाचून दावा. त्यानं हो म्हनलं की मला हाक मारा." नातू दशमीलाच झाला आणि नात निघाला.

अठ्ठावीस सालच्या फेब्रुवारीतली एक सकाळ मला चांगली आठवते. आमच्याकडे मुंबईच्या एका कापडवाल्यानं दिलेला तारखांचा गठ्ठा भिंतीला टांगलेला होता, रोज एक पान फाडायचं. फाडलेलं पान चांगुणाबाई मशेरीच्या पुडीसाठी न्यायची. त्या दिवशी पान नेताना ह्यांनी तिला सांगितलं, "आज अठ्ठावीस. एरवी उद्या मार्च लागला असता, पण ह्या वर्षी उद्या एक दिवस जादा आहे."

"जादा कुठनं आनला?"

झालं. असा प्रश्न कुणी विचारावा म्हणून आमचे हे जन्मभर टपून बसलेले. त्यांनी कंदील आणला, माझ्या स्वयंपाकाचा नारळ उचलला, आणि कंदील म्हणजे सूर्य, नारळ म्हणजे पृथ्वी, असं म्हणत नारळ घेऊन कंदिलाभोवती फिरायला लागले. स्वतः फिरायचे आणि शिवाय नारळालाही गिरक्या द्यायचे. दुसऱ्या फेऱ्यात उंबऱ्याला अडखळले. मी तांदूळ निवडत होते, मी मान वर केली नाही, कारण केली असती तर हसले असते आणि मग दोन दिवस घरात अबोला.

"नारळ फुटंल, मास्तर. बसून सांगा," चांगुणाबाई म्हणाली.

मग हे बसले आणि त्यांनी खरंच छान सांगितलं. पृथ्वीची सूर्याभोवती एक फेरी पुरी व्हायला तीनशे पासष्ट दिवस लागतात आणि वर जवळजवळ सहा तास. ते सहा तास वर्षात धरता येत नाहीत, कारण वर्ष अर्ध्या सकाळी संपवणार कसं. म्हणून ते दर वर्षी बाजूला राहतात. चार वर्षांचे मिळून एक दिवस होतो, तो फेब्रुवारीला जोडून टाकतात.

ती विचारात पडली. "म्हंजे पायलीनं भात मोजताना दर खेपंला वर मूठभर उरतं तसं. चार खेपांचं उरलेलं गोळा केलं की आनखी एक माप भरतं."

"अगदी तसंच," हे म्हणाले.

"आनि नाय जोडला तो दिवस, तर?"

"तर तारखा हळूहळू सुटत जातील. आपला मृग सात जूनला निघतो ना? आपल्या पणतूच्या पणतूला सात जूनला भर उन्हाळाच दिसेल. तो पेरणीला बसेल आणि पाऊस येणार नाही."

"आनि आपल्या पुनवांचं कसं?"

इथं ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, बघ, विद्यार्थी असा असावा, अशा नजरेनं. मग सांगितलं की आपले महिने चंद्राचे. बारा पुनवा तीनशे चौपन्न दिवसांत उरकतात, सूर्यापेक्षा अकरा दिवस आधी. तसंच जाऊ दिलं तर दिवाळी दर वर्षी अकरा दिवस अलीकडे येईल आणि चार-पाच वर्षांत आकाशकंदील पावसात भिजतील. म्हणून तीनेक वर्षांत साठलेल्या त्या दिवसांचा एक अख्खा महिना जादा घालतात. तोच अधिक महिना, आपला धोंडा. "ह्या वर्षी श्रावण दोन आहेत, चांगुणाबाई. आधी धोंड्याचा, मग खरा."

"सायेबाचं एका दिवसात भागतं, आपल्याला आक्का महिना लागतो," ती म्हणाली. तिनं मशेरीची पुडी बांधली आणि उठली. "आडवं पोर सरळ करावं लागतं, तसं वर्सालाबी वळवावं लागतं म्हना की. पन मास्तर, त्या महिन्यात बायकांची पोटं काय थांबत न्हाईत." आम्ही दोघंही हसलो. त्या वाक्यावर वर्षभरात एका बाईचा संसार लटकणार आहे, हे कुणाला ठाऊक होतं.

आमच्या समोरच्या घरात गोदाबाई राहायची. विधवा, एकुलता एक मुलगा नामा, तो मुंबईला गोदीत कामाला. घरात गोदाबाई, सून येसू आणि एक तांबडी गाय. गोदाबाई आणि चांगुणाबाई जिवाभावाच्या मैत्रिणी, म्हणजे रोज भांडायच्या. गोदाबाई वाईट नव्हती. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून तिला कुणी कैदाशीण ठरवील. ती रीत पाळणारी होती, एवढंच. धोंड्याच्या महिन्यात तिनं नवं मडकंसुद्धा चुलीवर चढवलं नसतं. तो महिना देवाचा, माणसानं तो धरायचा नाही, त्यात काही सुरू करायचं नाही आणि काही मोजायचं नाही, हे तिच्या सासूनं तिला सांगितलेलं, आणि सासूचं वाक्य म्हणजे तिला वेद.

नामाला त्या साली शिमग्याला रजा मिळाली नाही. येसू वैशाखात आंब्यांच्या दिवसांत कर्जतकडे माहेरी जाऊन आली. नामा आला तो एकदम ज्येष्ठात, पेरणीसाठी, आणि नेमका वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी येसू वडाला फेऱ्या घालताना आम्ही बायकांनी तिला चिडवून चिडवून रडकुंडीला आणलं. पेरणी करून तो परत गेला. पुढं येसूला दिवस राहिल्याचं कळलं तेव्हा चांगुणाबाईनं भिंतीवर वडाचं पान काढलं आणि ओळ सुरू केली.

माघी पौर्णिमेला भर दुपारी येसू बाळंत झाली. मुलगा. मी तिथंच होते, पाणी तापवत. पोर चांगलं गुटगुटीत, डोकंभर जावळ, आणि नखं बोटांच्या पुढं वाढलेली. चांगुणाबाई म्हणाली, "या, पावनं." गोदाबाई हसत पुढं आली, तिनं पोराचा हात हातात घेतला, नखं पाहिली, आणि तिचं हसणं गेलं. बोटांवर ती काहीतरी मोजत होती. मग पोराचा हात सोडून ती बाहेर जाऊन बसली.

संध्याकाळपर्यंत विहिरीवर सगळ्यांना कळलं. गोदाबाईची मोजणी अशी: ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भादवा, आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष, पौष. आठ. मूल शिमग्याला व्हायला हवं होतं. आठव्या महिन्यातलं पोर मुठीएवढं असतं, त्याला नखं नसतात. हे पुऱ्या दिवसांचं आहे. म्हणजे वैशाखातलं. आणि वैशाखात नामा मुंबईला होता आणि येसू माहेरी.

पाचवीला पोराला सुपात घालून आजीनं मांडीवर घ्यायचं असतं. गोदाबाईनं घेतलं नाही. सूप तसंच भिंतीशी राहिलं आणि पूजा आम्ही शेजारणींनी कशीबशी उरकली. तिनं सरळ सांगून टाकलं की दहा दिवस भरले की अकराव्या दिवशी गाडी जुंपायची आणि सुनेला पोरासकट कर्जतकडे सोडून यायचं. नामाला कळवायचं की घर सोडून गेली. येसू तिच्या पाया पडली. "आत्याबाय, ते आले त्याच्या आदी काय नाय झालं. देवाशपथ." गोदाबाईनं तोंड फिरवलं.

मी घरी येऊन ह्यांच्यावरच तडकले, जसं काही महिने ह्यांनीच बनवले होते. हे पंचांग काखेला मारून गोदाबाईकडे गेले. अर्ध्या तासात परत आले. "मी तिला अधिक श्रावण बोट ठेवून दाखवला," म्हणाले. "ती म्हणाली, मास्तर, कागुद तुमचा हाय, पन धोंडा धरत नसतात. माज्या सासऱ्याचं वर्षश्राद्ध व्हतं तवा भटजीनं धरला नव्हता. मग मी काय बोलू?" त्यांचा चेहरा पडला होता. मला त्यांची दया आली आणि जास्तच राग आला.

चांगुणाबाईकडे गेले तर ती शेण कालवत बसलेली. मी पुष्कळ बडबडले. तू बोलत का नाहीस, तुझी ती मैत्रीण, एका पोरीचा जन्म फुकट जातोय. ती म्हणाली, "बोलून काय व्हतंय, बाय. ती ऐकाया बसली नाय. ती मोजाया बसलीय." आणि कामाला लागली. मला वाटलं, हिनं हात टेकले.

दहाव्या दिवशी सकाळी तिनं गोदाबाईला हाक मारली. "माजी मागची भिंत आज सारवते, दोन हात लाव. बाय, तुमीबी या." आम्ही दोघी गेलो. हाकेला न जाणं गोदाबाईच्या रीतीत नव्हतं.

भिंतीवर त्या वेळी दोनच ओळी शिल्लक होत्या, दोन्ही अजून सारवायच्या राहिलेल्या. एकीच्या डोक्याशी वडाचं पान. दुसरीच्या डोक्याशी दोन शिंगं. ती गोदाबाईच्या तांबड्या गाईची ओळ. वैशाखाच्या शेवटी गाय वळूला दाखवली तेव्हा गोदाबाईनंच हट्ट करून ती घालून घेतली होती. गाय येसूच्या आधी आठ दिवस व्याली होती आणि गावभर खरवस वाटला गेला होता. माझ्याही घरी वाटी आली होती.

"मोज," चांगुणाबाई म्हणाली.

गोदाबाईनं दोन्ही ओळी मोजल्या. दोन्हीत नऊ. नऊतला एकेक ठिपका साधा नव्हता, त्याच्याभोवती कडं होतं.

"हे कडं कसलं गं?"

"ती धोंड्याची पुनव."

"ती धरत न्हाईत."

"बरं," चांगुणाबाईनं तिच्या हातात ओलं फडकं दिलं. "नाय ना धरत? मंग पूस."

गोदाबाईनं येसूच्या ओळीतलं कडं पुसलं. झटकन पुसलं. मग फडकं गाईच्या ओळीवर नेलं आणि तिचा हात तिथंच राहिला.

"पूस की. गाईच्या किती ऱ्हातील?"

गोदाबाई उरलेले ठिपके मोजायला लागली.

"आट ऱ्हातील. म्हंजे तुजं वासरू कच्चं. आटव्यातलं वासरू चार पायांवर उबं ऱ्हायलं आनि तू गावाला खरवस वाटलास. तवा नखं बगितलीस का त्याची?" तिचा आवाज चढला नव्हता. "गाय वैशाखात वळूकडं तू नि मी मिळून नेली. सरावन दोन आले, तुज्या गाईनं दोनी धरले, आनि तू म्हनलीस, येळंवर व्याली माजी लक्षुमी. तुजी सूनबी येळंवरच व्याली. का गाय म्हायेरी गेली नव्हती, म्हनून तिचं खरं?"

  गोदाबाईनं फडकं खाली ठेवलं. कोनाड्यातल्या पणतीवरून बोटानं काजळी घेतली आणि येसूच्या ओळीत, जिथं पुसलं होतं तिथंच, ठिपका परत टेकवला. कडंसुद्धा काढलं, वेडंवाकडं. आमच्याकडे न बघता ती घरी गेली. मी मागोमाग गेले, खोटं कशाला बोलू, मला बघायचंच होतं. तिनं दारात पाय धुतले, आत जाऊन येसूच्या अंथरुणाशी बसली आणि पदर पसरला.

"दे गं त्याला इकडं," म्हणाली. "माजं चुकलं."

येसू पोर तिच्या पदरात ठेवून भिंतीकडे तोंड करून रडली. मीही रडले. मला रडायला फार कारण लागत नाही, पण त्या दिवशी कारण होतं.

शिमग्याला नामा आला. तो अजून पायातल्या वहाणा काढतोय तोच गोदाबाई बोटं पुढं करून त्याला मोजून दाखवायला लागली. ज्येष्ठ, आषाढ, धोंडा, सरावन... धोंड्याच्या बोटावर तिनं जरा जास्तच जोर दिला. नामा बिचारा मुलाला बघायला आतुर झालेला. "आये, पन मी काय इचारलं का तुला?" असं म्हणून तो आत गेला. आम्ही ओटीवर बसलेल्या बायका पदर तोंडात कोंबून हसलो.

मला वाटलं होतं, चांगुणाबाई खूश असेल. मी तिला तसं म्हणालेही, की मास्तरांना जे पंचांगानं जमलं नाही ते तू फडक्यानं केलंस. ती माझ्यावर उखडली. "त्यात काय केलं? धा दिवस येसू सांगत व्हती, काय नाय झालं म्हनून. तिचं कुनी धरलं नाय. गाईचं धरलं." आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला वाईट वाटलं, रागही आला, आणि ती का चिडली हे तेव्हा मुळीच कळलं नाही. कळलं ते पुढच्या वर्षी, आम्ही गाव सोडताना.

ह्यांची बदली नेरळला झाली. गाडीत सामान चढलं, थोरला माझ्या मांडीवर, धाकटी पोटात. ह्यांचं देवळापाशी निरोप घेणं काही संपत नव्हतं. चांगुणाबाई बोचकं काखेत घेऊन गाडीच्या दांडीला टेकून उभी होती, ती मला प्रवासात काय खायचं नाही ते सांगत होती. मी सहज विचारलं, "मावशी, तुला हे पुनवा मोजायचं शिकवलं कुणी?"

"कोन शिकवनार," ती म्हणाली. "माजं लगीन साजगावच्या अंगाला झालं व्हतं. दुसऱ्या वर्साला दोन भादवे आले. मला पोरगी झाली. सासूनं बोटं मोजली, एक बोट कमी भरलं. पोरगी पदरात घातली नि मला इकडं वाटंला लावली. नवराबी कदी आला नाय. तवापासनं मोजते."

इतकी वर्षं शेजारी राहून मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. मी विचारलं, "आणि मुलगी?"

"देवीत गेली. पाच वर्सांची व्हती."

मी मूर्खासारखं विचारलं, "पण तू सांगितलं नाहीस त्यांना?"

"सांगितलं की. येसूनं सांगितलं तसंच सांगितलं, पाया पडून." तिनं माझ्या मुलाच्या टोपीची गाठ सैल होती ती घट्ट केली. "माज्या सासरी गाय नव्हती, बाय."

मी तिचा हात धरला. तो लहानसा हात तिनं सोडवून घेतला. एवढ्यात हे आले, गाडीवानानं बैलांना चुचकारलं. "जावा आता, खोपोलीची गाडी चुकंल," म्हणून ती बाजूला झाली. मी वळून बघत राहिले, तर ती आमच्याकडे बघत नव्हती. बोचकं डोक्यावर घेऊन ती ठाकरवाडीच्या चढाला लागली होती, नेहमीसारखी भरभर. वाडीवरच्या एका बाईच्या नऊ पुनवा भरल्या होत्या, आणि आमच्यापायी तिला उशीर झाला होता.